चौकोनातले तज्ज्ञ

"ऊन हाय तवर जेवा गं पोरींनो! गार झाली की नागलीची भाकर चपलेवानी व्हती!"

कुसामावशीची ही हाक इराच्या कानात अजून तशीच आहे. कुठं तवा वाजला की पंधरा वर्षं मागं सरकतात आणि ती पुन्हा नाशिकच्या मेडिकल कॉलेजच्या मुलींच्या हॉस्टेलात, खालच्या मेसच्या धुरकट बाकावर जाऊन बसते. मेसच्या भाकऱ्या थापणारी कुसामावशी पेठ तालुक्याच्या डोंगरातली. तिथल्या ओव्या तिनं पिठाच्या डब्यासारख्या सोबत आणल्या होत्या.

*टम्म फुगली भाकर, जसा पुनवेचा चांद,*
*लेकी परमुलुखाच्या, चुलीपाशी गं आनंद!*

त्याच बाकावर बसून २००९ साली इरानं ती प्रतिज्ञा केली. तोंडात भाकरीचा घास होता, तरी प्रतिज्ञा अगदी स्पष्ट ऐकू आली.

"पंधरा दिवस! पंधरा दिवसांत चाळीस नावं आणून देते. नाही आणली तर नाव बदला माझं!"

गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगावरची लस तेव्हा आपल्याकडे नवीनच होती. किंमत अशी, की नुसती ऐकूनच दंड दुखावा! पण एका ट्रस्टनं पिंगळे मॅडमना शब्द दिला होता: हॉस्टेलच्या मुली आणि हॉस्टेलात काम करणाऱ्या बायकांच्या मुली, सगळ्यांना फुकट. अट एकच. निदान चाळीस नावं हवीत, नाहीतर शिबिर दुसऱ्या कॉलेजला जाईल. साथी, लसी, सार्वजनिक आरोग्य हा सगळा विषय पिंगळे मॅडम शिकवायच्या आणि त्यात पहिली आलेली इरा. यादी तिच्याकडेच आली.

पहिलं नाव लिहायला लावलं कुसामावशीनं. तिची तेरा वर्षांची भागी. भागी मेसच्या ओट्यावर पाय हलवत भूगोल घोकायची आणि मध्येच विचारायची, "ताई, सुई लय मोठी असते का?"

"छे गं! मुंगी चावल्यासारखं!" इरा म्हणायची.

दुसरं नाव आपल्या खोलीतल्या पल्लवीचं, हे इरानं गृहीतच धरलं होतं.

"पल्लवी, लिहिते हं तुझं."

"अजिबात नाही! तज्ज्ञ म्हणतात थांबावं."

"कसले तज्ज्ञ?"

"अगं, तुझ्याच नोट्समधले! पान त्रेचाळीस. चौकोनात!"

इराचा घास हातातच राहिला.

आता त्या चौकोनाची गोष्ट. इराला सुईची भीती होती. दुसऱ्याला टोचताना हात कापायचा नाही. पण सुई आपल्याकडे वळली, की डॉक्टरीण मागं आणि सहा वर्षांची पोर पुढं! सहाव्या वर्षी ओझरच्या दवाखान्यातून ती धनुर्वाताच्या इंजेक्शनला घाबरून अशी सुटली, की थेट विमानाच्या कारखान्याच्या फाटकाशी सापडली. तर आदल्या वर्षी वर्गात मॅडम या लसीबद्दल सांगत होत्या, तेव्हा पल्लवी कुजबुजली, "ए, आपण दोघी घेऊन टाकू या ना!" इरानं वहीच्या कडेला झरझर लिहिलं, "तज्ज्ञांचे मत : लस नवीन. घाई नको. थांबावे." भोवती लाल चौकोन काढला आणि वही पल्लवीपुढं सरकवली. पल्लवीनं मान डोलावली. विषय संपला.

संपला कसला! इराचं अक्षर मोत्यांचं. परीक्षेआधी तिच्या वहीची पहिली प्रत फाटकासमोरच्या धोंडीराम झेरॉक्सवाल्याकडं जायची आणि मग तिला पिल्लं व्हायची. चौकोन लाल होता. झेरॉक्समध्ये तो काळा कुळकुळीत उमटला. पानावरचं बाकी सगळं पुसट, तज्ज्ञ तेवढे ठसठशीत!

इरानं ग्रंथालयातून विटेएवढं पुस्तक आणलं. किती हजार मुलींवर अभ्यास झाला, काय निष्पन्न झालं, सगळं मेसमध्ये वाचून दाखवलं.

"पुस्तकातलं परीक्षेला गं," पल्लवी म्हणाली. "नोट्समधलं आयुष्याला!"

आणि मुलांचं हॉस्टेल मागं कसं राहील? तिथल्या ललितनं गंगापूर रोडच्या सायबर कॅफेत बसून तो चौकोन टाइप केला आणि ईमेलनं साऱ्या दुनियेला धाडला. जाताना दोन ओळींचा मजकूर होता. चार दिवसांनी परत आला तो वरात घेऊन. "नाशिकच्या नामवंत तज्ज्ञांचा इशारा!" खाली अकरा उद्गारचिन्हं आणि "दहा जणींना पाठवा."

पहिल्या मजल्यावर बातमी गेली ती "थांबावे" अशी. दुसऱ्या मजल्यावर तिचं "मूल होत नाही म्हणे" झालं. तिसऱ्या मजल्यावर तर द्वारका चौकातल्या एका मुलीनं लस घेतली आणि तिला तीन दिवस हसू आवरेना!

"कुणी पाहिली ती मुलगी?" इरा ओरडली.

"इंटरनेटवर आहे!"

या सगळ्या होऊ घातलेल्या डॉक्टरणी होत्या, बरं का. हृदयाचे चार कप्पे झोपेतही सांगणाऱ्या!

शेवटी इरानं नामी युक्ती काढली. वहीतल्या चौकोनावर व्हाइटनर फासलं आणि नवी प्रत धोंडीरामच्या दुकानात ठेवली. झालं! संध्याकाळपर्यंत हॉस्टेलभर बोभाटा.

"बघितलंत? तज्ज्ञांना गायब केलं! कंपनीनं दाबलं त्यांना!"

अकरा नावं झाली होती, त्यातली चार त्याच रात्री गळाली.

पिंगळे मॅडमचा पारा चढला. "कोण हे तज्ज्ञ? मला भेटवा! खुर्ची देते, चहा देते, आणि मग विचारते! इरा, तुझ्याच वहीत आहेत ना? शोधून आण त्यांना."

"मॅडम, ते... सहसा समोर येत नाहीत."

"म्हणजे तू ओळखतेस?"

"थोडंफार," इरा जमिनीकडं बघत म्हणाली.

शुक्रवारी संध्याकाळी यादीत सात नावं होती. कुसामावशी पीठ मळत होती. आज ओवी नव्हती, त्यामुळं मेस परकी वाटत होती.

"इराताई, उद्या गाडी येनार का जानार?"

इरा यादी पुन्हा मोजू लागली.

"मला वाचता येत नाय. तुमचा चौकोन का फिकोन, मला काय ठावं! मी तोंडं वाचते." मावशीचा हात परातीत थांबला. "माझी थोरली बहीण गेली, तवा मी भागीला पाजत व्हते. याच दुखन्यानं गेली. अंगावरून लय जायचं तिच्या. लाजेनं कुनाला बोललीच नाय. बोलली आसती, तर कुनी दवाखान्यात तरी नेली आसती. म्हनून इचारते ताई. तुमी सोता घेनार ना?"

इरा "हो" म्हणाली. पण मावशीनं तिचं तोंड वाचलं असावं. तिनं पुन्हा पीठ मळायला घेतलं आणि वर पाहिलं नाही.

शनिवारी सकाळी बर्फाची पेटी घेऊन जीप दारात उभी. ट्रस्टचे गृहस्थ घड्याळ बघतायत, पिंगळे मॅडम यादी बघतायत, मुली पोहे बघतायत. ओट्यावर भागी नवा फ्रॉक घालून, बाही वर करून बसलेली.

"सात?" मॅडम म्हणाल्या. "अहो, निघा तुम्ही. माफ करा."

ड्रायव्हरनं जीप सुरू केली. भागीनं हळूच बाही खाली ओढली.

इरा बाकावर चढली. एक पाय कुणाच्या तरी पोह्यांत पडला.

"तज्ज्ञ सापडले!"

"मी! मीच ते तज्ज्ञ! कुणी थांबा म्हणालेलं नाही. मला सुईची भीती वाटते, म्हणून मी चौकोन काढला! गाडी थांबवा!"

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "खुर्ची आणा गं," त्या थंडपणे म्हणाल्या. "तज्ज्ञांना चहा नंतर. आधी दंड!"

कुसामावशीनं पिठाच्या हातांनी इराचं डोकं पोटाशी धरलं. इरानं अशी किंकाळी मारली, की बाहेरचा ड्रायव्हर जीपमधून उतरला.

"झालं?"

"अजून नुसता कापूस लावलाय," मॅडम म्हणाल्या.

मेसमध्ये हशा पिकला आणि त्या हशातच एकेक हात वर होऊ लागला. एकीनं नाव सांगितलं, दुसरीनं शेजारणीचंही सांगून टाकलं, तिसऱ्या मजल्यावरची म्हणाली, "तीन दिवस हसू आलं तर येऊ दे!" इरा एका हातानं कापूस दाबून दुसऱ्या हातानं लिहीत राहिली. पस्तीस. अडतीस. एकोणचाळीस.

आणि पेन थांबलं.

"अजून एक!" इरानं मेसभर नजर फिरवली. पाण्याच्या पिंपामागं ओढणीचं एक टोक दिसत होतं.

"पल्लवी! आता तर कळलं ना तुला, तज्ज्ञ कोण ते?"

पिंपामागून अगदी बारीक आवाज आला.

"लिही माझं नाव. मला तेव्हाच कळलं होतं गं. तू लिहीत होतीस तेव्हा शेजारीच बसले होते ना मी! पण सुईला मीसुद्धा घाबरते... तुझा चौकोन बघून इतकं बरं वाटलं, की ते तज्ज्ञ कोण, हे मी मुद्दामच विचारलं नाही!"