आर्डिस म्हणाली, विकत घे

माझ्या बायकोला, आर्डिसला, काय झालंय ते डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवशी दवाखान्यापासून घरापर्यंत आम्ही दोघं पिस्तुलावरून भांडत आलो. चाळीस मैल! दुसऱ्या कशाबद्दल बोलायची दोघांचीही हिंमत नव्हती.

"विकत घे," ती म्हणाली.

"बनवणार," मी म्हणालो.

"व्हर्लिन, तू बनवायला घेतलंस तर ते पुरं व्हायच्या आधी मी जाईन."

"मग जाऊ नकोस!"

"माझ्या हातात असतं तर तुला बनवू दिलं असतं का?"

आमच्या गावच्या नेमबाजी क्लबात आम्ही एकोणतीस वर्षं शनिवारी जात होतो. सात नंबरची जागा माझी, आठ नंबरची तिची. नेम तिचा चांगला, बढाया माझ्या चांगल्या. माझं जुनं पिस्तूल आम्ही ऑक्टोबरात विकलं होतं, आणि नवं विकत घ्यायचं की सुटे भाग आणून घरी जुळवायचं, हा वाद तेव्हापासून चालू होता. नव्या पिस्तुलाचा सांगाडा तेवढा रीतसर फॉर्म भरून आणून ठेवला होता. तिचं पिस्तूल तिने बहिणीला, लव्हॉनला दिलं. त्याची मूठ आर्डिसच्या हाताला बेतलेली होती. माझ्या पंजात ते बाळाच्या खुळखुळ्यासारखं दिसायचं.

आर्डिस मार्चमध्ये गेली. पिस्तूल झालेलं नव्हतं. तिचंच खरं ठरलं. नेहमीच ठरायचं.

क्लबचा हंगाम मे महिन्यात सुरू होतो. जो पहिल्या शनिवारी येणार नाही त्याची जागा यादीतल्या पुढच्या माणसाला मिळते. यादीत पहिला होता डेल. डेल नेम धरताना शीळ घालतो. आठ नंबरची जागा क्लबने या वर्षी रिकामी ठेवायची ठरवली होती, आणि तिच्या शेजारी उभा राहून डेल शीळ घालणार! ते मला चालणार नव्हतं. बाकी फारसं कशाचं काही वाटत नव्हतं तेव्हा, पण हे चालणार नव्हतं.

मग मी ठरवलं, बनवायचंच. मी एकेचाळीस वर्षं दूध काढायची यंत्रं दुरुस्त केली आहेत. ज्या यंत्राला गाय लाथा घालते ते मी नीट करतो. पिस्तुलाच्या आसपास तर गायसुद्धा नसते! तीन आठवड्यांचं काम, मी स्वतःला सांगितलं.

अडचण एवढीच की टेबलावर जागा नव्हती. माणूस गेलं की आमच्याकडे लोक बोलत नाहीत, भांडी आणतात. बटाटे आणि हॅम, शेवया आणि मासे, वर चीज, खाली भांड्याच्या बुडाला पांढरी पट्टी आणि तिच्यावर मालकिणीचं नाव. एकोणीस भांडी होती. ती परत करायची रीत म्हणजे महिना-दोन महिने लावायचे, एकेका घरी एकेक न्यायचं, बसायचं, कॉफी घ्यायची. मी सगळी घासली आणि एका सकाळीत एकोणीसही वाटून आलो. कॉफी कुठेच घेतली नाही. फ्रीजरमधलं हरणाचं मटण पडून होतं, तेही जाता जाता शेजाऱ्यांना देऊन टाकलं. एकट्याला किती लागतं?

टेबल मोकळं झालं. तिथून मी सरळ गॉर्डीच्या बंदुकांच्या दुकानात गेलो. म्हटलं, बनवायच्या आधी तयार माल एकदा बघून घ्यावा. आर्डिसच्या शब्दाला तेवढा मान.

"गॉर्डी, एक पिस्तूल दाखव."

गॉर्डीने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या गाडीकडे बघितलं. "एकटाच आलास?"

"मग कोणाला आणू?"

"नाही, तसं नाही. कशासाठी हवंय?"

तीस वर्षांत त्याने मला हे कधी विचारलं नव्हतं. "पाव कापायला," मी म्हणालो.

"सगळी बुक झालीत."

काचेच्या कपाटात सतरा पिस्तुलं होती. मी मोजली. "सतराच्या सतरा?"

"सतराच्या सतरा. बर्फ काय वितळतंय यंदा, नाही?"

"मग राहू दे. घरीच बनवतो. भाग मागवलेत मी."

त्याचा चेहरा दूध नासावं तसा झाला. मी दाराबाहेर पडेपर्यंत त्याने फोन उचललेला होता.

पार्सलं आली. सोमवारी क्लबचा सेक्रेटरी ऑर्व्हिल आला. तो माझा शाळेपासूनचा मित्र. अर्धा तास आम्ही तळ्यावरच्या बर्फावर बोललो. मग तो म्हणाला, "कॉफीत जरा दूध घालतोस?"

ऑर्व्हिल जन्मात काळ्या कॉफीशिवाय काही प्यायला नाही. पण पाहुण्याला दूध नाही कसं म्हणणार? मी फ्रिजकडे वळलो. दूध घेऊन आलो तर हा दारात उभा. "घाई आहे रे!" म्हणाला आणि गेला. संध्याकाळी बघतो, पिस्तुलाची नळी गायब! मी शेगडीखाली बघितलं. व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी फाडून बघितली. तिच्यात आर्डिसची कानातली सापडली, नळी नाही.

मंगळवारी लव्हॉन आली. हातात भांडं. टेबल पुन्हा भरायला सुरुवात!

"भावोजी, जेवता ना वेळेवर?"

"जेवतो."

"झोपता ना?"

"झोपतो. नळी सापडत नाही एवढंच."

हे ऐकून ती टेबलावर डोकं ठेवून रडली. मी रुमाल आणायला गेलो. तिने नाक पुसलं, मला घट्ट मिठी मारली, आणि गेली. स्प्रिंगही गेली.

बुधवारी पास्टर आले. आमचे पास्टर भला माणूस, प्रवचन अकरा मिनिटांत आटोपतात. त्या दिवशी म्हणाले, "व्हर्लिन, डोळे मिटून प्रार्थना करू या." मी मिटले. प्रार्थना काही संपेना! त्यांनी माझ्यासाठी मागितलं, गावासाठी मागितलं, तळ्यातल्या माशांसाठीही मागितलं, आणि मधेच लोखंड सरकल्यासारखा आवाज आला. पण प्रार्थनेत डोळे उघडायचे नसतात, मी उघडले नाहीत. पास्टर निघाले तेव्हा त्यांचा कोट एका बाजूला लोंबत होता. पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, चांगला वजनदार, टेबलावर नव्हता.

आता पास्टरवर कोण संशय घेणार? पहिला संशय मी स्वतःवर घेतला. म्हटलं, डोकं चाललं. बायको गेल्यावर जातं म्हणतात. दुसरा संशय डेलवर. हा जास्त बरा वाटला. मी गुरुवारी सकाळी त्याच्या अंगणात गेलो.

"डेल, माझी नळी दे!"

"कसली नळी, काका?"

"आणि स्प्रिंग! शनिवारच्या आत मला ते पूर्ण करायचंय. एकदा झालं की मी सुटलो!"

डेलची शीळ ओठातच राहिली. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, बायकोला हाक मारली. तिने मला केक दिला. मी केक खाल्ला. चोर एवढा प्रेमळ कसा, हे मला कळेना.

शुक्रवारी संध्याकाळी अख्खं गाव कोपऱ्यावरच्या खाणावळीत तळलेले मासे खायला जातं. मार्चपासून मी गेलो नव्हतो. त्या दिवशी गेलो. एका टेबलाशी ऑर्व्हिल, लव्हॉन, पास्टर आणि गॉर्डी डोकी जुळवून बसले होते. मला बघून चौघंही एकदम बर्फावर बोलायला लागले.

"पुरे!" मी म्हणालो. "माझ्या घरात चोर शिरलाय. रोज एक भाग जातोय. उद्या सांगाडा जाईल!"

ऑर्व्हिल लाल झाला. "नळी माझ्याकडे आहे."

"तुमच्याकडे?" लव्हॉन ओरडली. "मग मी स्प्रिंग कशाला नेली?"

पास्टरनी कोटातून तो वजनदार भाग काढून कोबीच्या वाटीशेजारी ठेवला.

"म्हणजे," गॉर्डी म्हणाला, "सतरा पिस्तुलं बुक झाल्याची थाप मी उगाच मारली?"

"पण का?" मी विचारलं.

आमच्याकडे असं काही तोंडावर विचारत नाहीत. शेवटी ऑर्व्हिलनेच सुरुवात केली. "तू भांडी सगळी एका दिवसात परत केलीस. कॉफी घेतली नाहीस. मटण वाटून टाकलंस. आणि मग पिस्तूल... बर्फ पण यंदा लवकर..."

"ऑर्व्हिल, बर्फ सोड. नीट विचार."

त्याने काटा खाली ठेवला. "तू स्वतःला काही करणार आहेस का?"

"नाही," मी म्हणालो. "सात नंबरवर उभं राहायचंय मला. डेलला तिथे शीळ घालू द्यायची नाही."

मग मी खरं तेही सांगितलं. तिला पुरून आलो त्या आठवड्यात विचारलं असतंत, तर उत्तर द्यायला वेळ लागला असता. लव्हॉनने माझी बाही धरली ती बराच वेळ सोडली नाही. गॉर्डी नाक शिंकरत म्हणाला की मासे गार होतायत. गारच झाले होते.

असं ठरलं की भाग ज्याच्या त्याच्याकडेच राहतील. म्हणजे चोरीला जाणार नाहीत, असं पास्टर म्हणाले. दर गुरुवारी सहा वाजता सगळ्यांनी आपापला भाग घेऊन माझ्या स्वयंपाकघरात यायचं, काम करायचं, आणि जाताना भाग परत न्यायचा. मी हो म्हणालो.

पहिला शनिवार आला. मी सात नंबरवर रिकाम्या हातांनी उभा राहिलो. ऑर्व्हिलने नियम वाचून दाखवला की सभासद जागेवर हजर असला की पुरे, हातात पिस्तूल असो नसो. नियमाची शाई ओली होती. माझ्या नावापुढे शून्य लिहिलं, क्लबच्या इतिहासातला नीचांक! शेजारी आठ नंबर रिकामा होता. मी शेवटपर्यंत उभा राहिलो.

यादीतून डेलने स्वतःच नाव काढून घेतलं. गुरुवारी तोही येतो, केक घेऊन. कानस चालवताना शीळ घालतो.

एकट्याने केलं असतं तर एव्हाना पिस्तूल बिघडवून मोकळा झालो असतो. आता प्रत्येक भागावर सहा जणांची मतं पडतात. जून संपत आला. नळी अजून बसवायची राहिली आहे.