घुंगरांची मोटर

मोटर अजून सुरूही झाली नव्हती, तोच लवंगी खिडकीतून बाहेर पडली. एकटी पडली असती तर निभावलं असतं. जाता जाता तिने शेजारच्या बाईच्या मांडीवरची अंड्यांची टोपली सोबत नेली. खाली मोटरवाला गुलाबसिंग कोळशाच्या टाकीचा पंखा फिरवत उभा होता. अंडी त्याच्या डोक्यावर फुटली.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून अनसिंगहून रिसोडला जाणारी मोटर कोळशाच्या गॅसवर चाले. पंखा फिरवला की ती अशी घरघरायची की माणसंही कानांवर हात ठेवायची. लवंगी तर मांजराएवढी कुत्री. नाव तिखट, पण स्वभाव उलटा. पाल चुकचुकली तरी ती घागरीमागे लपायची.

"उकंडराव काका," कपाळावरचा बलक पुसत गुलाबसिंग म्हणाला, "तुमी बसा, पन ह्या जनावराले मी नेत नाही. आज अंडे झाले, उद्या हे मलेच खाली पाडंल!"

"बाबा, एक डाव पाहा ना."

"पाह्यलं ना! अजून काय पाहू?"

मोटर धूर सोडत निघून गेली. उकंडराव गाठोडं घेऊन घराकडे वळले. मळ्याच्या बांधापाशी लवंगी त्यांच्या आधीच येऊन बसली होती.

त्याच मोटरीच्या वाटेवर, रिठदला, उकंडरावांची लेक मनकर्णा बाळंत झाली होती. आई नाही म्हणून ती माहेरी आलीच नाही, सासरीच राहिली. पुढच्या सोमवारी बारसं होतं. तिने निरोप धाडला होता, "बाबा, आई तर नाही. तुमी तरी या." पण बायको गोजराबाई गेल्यापासून लवंगी उकंडरावांखेरीज कोणाच्या हातचं खात नव्हती. दिवाळीला ते लेकीकडे गेले, तर तिने अन्नपाणी सोडलं. शेजारच्या हौसाबाईने सांगावा पाठवून त्यांना परत बोलावलं. गोजराबाईची एवढी एकच जित्ती वस्तू घरात उरली होती, तिला मरू कसं द्यायचं? बैलगाडीत लवंगी मजेत बसे. गोजराबाई बाजारला जायची तेव्हा ती वांग्यांच्या टोपल्यांमध्ये झोपून जायची. पण तेव्हा गाडीला वेगळी बैलजोडी होती; आता एकच उरली. गाडीने रिठदला जाऊन यायचं म्हणजे बैल मोटेवरून सोडावे लागणार आणि वांगी वाळणार.

"तिले मोटरची सवय लावा ना," हौसाबाई म्हणाली. "मायी सून पह्यले जात्याले भेत होती. आता मलेच दळू देत नाही."

"सवय लावाले मोटर कुठून आणू?"

"जगदेव पाटलाच्या गोठ्यात काय हाये मंग?"

जगदेव पाटलांच्या गोठ्यात खरोखरच मोटर होती. हौसेने घेतलेली. पेट्रोल बंद झालं तशी ती म्हशींशेजारी उभी राहिली आणि तिच्या मागच्या गादीवर कोंबड्या बसू लागल्या. पाटील रोज सकाळी तिचं तोंड पुसायचे आणि सुस्कारा सोडायचे. उकंडरावांनी भीतभीतच विचारलं.

"कुत्री बसवायची? मायी मोटरीत?" पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "बसवा. कोंबड्या बसतात, ते तर बिचारी कुत्री हाये."

मग उकंडराव रोज मोटेचं काम आटोपलं की लवंगीला घेऊन गोठ्यात जाऊ लागले. उभ्या मोटरीत बसून तिला दूधभाकर भरवायची. पहिल्या दिवशी ती थरथरली. दुसऱ्या दिवशी थरथरत खाल्लं. मग नुसतं खाल्लं. नंतर हौसाबाईचा गडी रूपला बाहेर उभा राहून रिकामा डबा बडवू लागला, म्हणजे घरघरीचीही सवय व्हावी. लवंगीला सवय झाली. म्हशीने मात्र पान्हा चोरला आणि पाटलीणबाई बाहेर आल्या.

"काय चालू हाये हे? मोटर बाहेर न्या!"

बाहेर न्यायची कशी? पेट्रोल नव्हतं, पण उकंडरावांचे बैल होते.

"जुंपा," पाटील म्हणाले. त्यांचे डोळे चमकले. "उभ्या मोटरीची सवय काय कामाची? तिले चालती मोटर पायजे."

बैल मोटरीला जुंपले. तेवढ्यात हौसाबाईने कमरेवर हात ठेवले. "पाटलाची मोटर ओढनार अन् बैल असे नागवे?" ती उकंडरावांच्या घरात गेली आणि खुंटीवरची घुंगरमाळ घेऊन आली. गोजराबाईने लाल सुतात ओवलेली माळ. बाई गेली त्या दिवशी उकंडरावांनी ती बैलाच्या गळ्यातून काढली होती, ती पुन्हा घातली नव्हती. ते काही बोलणार होते. पण हौसाबाईने माळ बैलाच्या गळ्यात अडकवूनही टाकली.

मोटर निघाली. पाटील फेटा बांधून चाक धरून बसले. बैल जिकडे नेत तिकडे ते मोठ्या रुबाबात चाक फिरवत. मागे उकंडराव, त्यांच्या मांडीवर लवंगी, मागून डबा बडवत रूपला. मारुतीच्या पारापर्यंत जाईतो आत हौसाबाई आली, पाटलांचे मेहुणे आले, दोन कोंबड्या तर होत्याच. घुंगरं वाजत होती. लवंगीने दोनदा जांभई दिली आणि ती झोपली.

रविवारी रूपलाने वांग्यांचं पोतं आणि उकंडरावांना त्यांच्याच बैलगाडीतून मोटरीपाशी आणून सोडलं. हौसाबाई पोचवायला आली होती. जगदेव पाटलांनी स्वतः शब्द टाकला म्हणून गुलाबसिंग तयार झाला. पण डोक्याला त्याने जाड टॉवेल बांधला होता. अंडीवाली बाईही होती. लवंगीला पाहताच तिने टोपली पदराखाली घेतली.

लवंगी शहाण्यासारखी चढली. पंखा घरघरला तरी बसून राहिली. उकंडरावांचा जीव भांड्यात पडला. मोटर जराशी हलली, आणि लवंगीने मान उंच करून काचेतून पुढे पाहिलं. मग ती थरथरू लागली. मग रडू लागली.

"थांबवू काय?" गुलाबसिंग ओरडला. "उतरता काय काका?"

उकंडरावांनी पोत्याला हात घातला. बारसं राहिलं. लेकीला काय तोंड दाखवायचं?

"अरे थांबा!" खालून हौसाबाई ओरडली. "तिच्या मोटरले बैल असतात ना! बिनबैलाची मोटर तिनं कधी पाह्यली?"

"मंग आता मी बैल जुंपू काय?" गुलाबसिंग म्हणाला.

हौसाबाईने गाडीच्या बैलाच्या गळ्यात त्या दिवसापासून राहिलेली घुंगरमाळ काढली आणि खिडकीतून आत दिली. "वाजवा, उकंडराव."

त्यांनी वाजवली. लवंगीचं रडणं थांबलं. माळ थांबवली, तर ती पुन्हा रडू लागली.

"काका, लोक हसतील मले," गुलाबसिंग कुरकुरला. "मोटर हाये का बैलाची दमनी?"

"हसू दे," अंडीवाली बाई म्हणाली. "मायी टोपली वाचून राह्यली ना!"

मोटर घुंगरं वाजवत निघाली. वाटेत समोरून कडब्याची गाडी आली. एरवी मोटर दिसली की बैल बुजायचे, गाडी शेतात घालायचे आणि गाडीवान गुलाबसिंगाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. आज बैलांनी कान टवकारले. मोटर येते आहे असं त्यांना वाटलंच नाही. दुसरी बैलगाडी येते आहे असं समजून ते मुकाट बाजूला झाले. गाडीवानाने तर चक्क रामराम केला.

गुलाबसिंगाने मागे वळून पाहिलं. "काका, हात थांबवू नोका."

उकंडरावांचा हात दुखला तेव्हा दुसऱ्याने माळ घेतली, मग तिसऱ्याने. शेवटी अंडीवाल्या बाईने टोपली खाली ठेवली आणि वाशीमपर्यंत तिनेच वाजवली. लवंगी वांग्यांच्या पोत्यावर घोरत होती.

रिठदला मनकर्णा दारात उभी होती. तिने आधी बापाकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या माळेकडे. "आईची माळ," एवढंच म्हणाली आणि रडली. तेवढ्यात लवंगी तिच्या पायाशी नाचू लागली, म्हणून हसलीही. बारसं झालं. उकंडरावांनी नात मांडीवर घेतली, लवंगी पाळण्याखाली झोपली.

परत आल्यावर गुलाबसिंग मोटरीतून उतरला आणि डोक्यावरचा टॉवेल सोडून म्हणाला, "काका, माळ राहू द्या ना मोटरले. येता-जाता एक बैल बुजला नाही. एक शिवी खाल्ली नाही मी."

उकंडरावांनी माळ पोटाशी धरली. लाल सुतावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "सूत जुनं झालं. बदलजो." आणि माळ त्याच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांचे उपकार मानायला वांगी घेऊन निघाले. पाटील म्हणाले, "उपकार कायचे? दोन वर्सांनी मोटरीत बसलो मी," आणि त्यांनाच गूळ दिला. रूपला म्हणाला, डबा बडवायला मजा आली. हौसाबाईने वांगी ठेवून घेतली.

"गोजरा होती तं तुमी रोज वरडत होता," ती म्हणाली, "कायले एवढे घुंगरं, कान किटले म्हनून. आता रस्त्यानं वाजतीन."

"वाजू दे," उकंडराव म्हणाले.

संध्याकाळी ते मोटेवर होते. गोजराबाई बाजारातून परतायची ती हीच वेळ. दुरून घुंगरं ऐकू आली की ते शेवटची मोट रिकामी करून बैल सोडायचे. आज रस्त्यावरून घुंगरं ऐकू आली. लवंगी बांधावर पळत गेली. उकंडरावांनी मोट रिकामी केली आणि बैल सोडले.

मोटर धुराळा उडवत समोरून गेली. ती गेल्यावरही घुंगरं पुष्कळ वेळ वाजत होती.

"चाल," ते लवंगीला म्हणाले, "भाकर खाऊ."