बिनटपाची गाडी

भाऊ साळवी रोज संध्याकाळी आपल्या गाडीतून पेणला जाऊन येत असे. गाडी मात्र अंगणातून हलत नसे, कारण तिला इंजिन नव्हतं. विटांच्या थरांवर टेकवलेल्या त्या सांगाड्यात हा गृहस्थ बसे, स्टिअरिंग धरी, हात बाहेर काढून वळण्याची खूण करी आणि भिसे खिंड आली की तोंडाने घरघर करत गियर टाकल्यासारखं करी. थोड्या वेळाने त्याची बायको, मंदावहिनी, मागच्या दारातून विचारी, "कुठवर पोचलात?"

"नागोठणं," भाऊ सांगे.

"मग थांबा जरा. चहा टाकते."

आणि हा खरोखर थांबे. हँडब्रेक ओढून चहा पिई, कपबशी वहिनींच्या हातात परत देई आणि पुढे निघे. रोह्यात आमची घरं शेजारी शेजारी असल्यामुळे हा खेळ मला माझ्या ओटीवरून फुकट दिसत असे. समोर मी त्याला अहो-जाहो करतो, पण लिहिताना ते मला जमणार नाही.

ही गाडी त्याने अलिबागच्या बाजूला एका बंगल्याच्या आवारातून उचलून आणली. दोन सीटची, लांब नाकाची, विलायती, आणि डोक्यावर टप नसलेली. आणली तेव्हा तिच्यात एका कोंबडीचा संसार होता. कंपनीचं नाव गंजून गेलेलं, त्यामुळे भाऊ विचारणाऱ्याचा चेहरा पाहून नाव सांगे. पोस्टमनला एक सांगितलं, मला दुसरं आणि स्वतःच्या व्याह्यांना तिसरंच. कागदपत्रं तेवढी अगदी पूर्ण होती. गाडीचा पूर्ण असलेला भाग तेवढाच.

बरं, माणूस मेकॅनिक असता तर गोष्ट वेगळी. भाऊने सगळी नोकरी धाटावच्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये काढली. जगातल्या प्रत्येक नटाचं नाव त्याला माहीत, आणि तो नट कुठे बसतो ते माहीत नाही. एकदा महिनाभर खपून त्याने ब्रेक बसवले. पेडल दाबलं की वायपर हलायचे. "हे पण कामाला येईल," असं म्हणून तो काचेवर पडलेली झाडाची पानं पुसायला लागला. "हे पण कामाला येईल" हे त्याचं आवडतं वाक्य आणि त्याच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसण्याचं कारणही तेच.

गाडीचे मागचे दोन्ही मडगार्ड कुजून गेले होते. शहाण्या माणसाने ते मुंबईत शोधले असते. भाऊने ते पेणला मेव्हण्याकडे करायला टाकले. मंदावहिनींचं माहेर पेणचं, गणपतीच्या कारखान्याचं. वहिनी लग्नाआधी तिथे मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायच्या, आणि त्यांचा भाऊ बाळा अजून कारखाना चालवतो. बाळाने शाडूचा नमुना केला, त्यावरून साचा काढला आणि साच्यातून फायबरचे मडगार्ड ओतले. आता ज्या माणसाचा हात जन्मभर गणपतीच्या पोटावरून फिरला, त्याच्या हातून सडपातळ काही व्हायचं कसं? मडगार्ड असे गुबगुबीत आले की मागून पाहिलं तर गाडी पाटावर बसल्यासारखी वाटे. त्यावर बाळाने सोवळ्याचा पिवळा रंग मारला, कारण तोच शिल्लक होता. भाऊ त्यावरून हात फिरवत म्हणाला, "काय गोलाई हाय बघा." मी बघितली आणि घरात जाऊन हसलो.

डावीकडच्या सीटचा प्रकार तर त्याहून भारी. उजवीकडे चालवणाऱ्याची सीट जमिनीला टेकलेली, जशी अशा गाड्यांची असते. डावीकडे भाऊने रोह्यातल्या एका बंद पडलेल्या सलूनची खुर्ची आणून बसवली. ती उंच होती आणि वर गोल फिरायची. तिच्यासाठी त्याने दार कापून रुंद केलं. खुर्ची दाराकडे वळवायची, आत वळवायची, तेल घालायचं, पुन्हा वळवायची, असं तो तासन् तास करत बसे. मी विचारलं, "भाऊ, गाडीत दाढी करणार की काय?" तो म्हणाला, "नाय हो. बसायला बरी पडते." पण त्या खुर्चीवर तो कुणाला बसू देत नसे. माझा नातू चढला तर त्याला काखोटीला मारून खाली उतरवला.

दिव्यांचं तसंच. दोन्ही पुढचे दिवे चकचकीत करून फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलेले, आणि गाडीच्या तोंडावर दोन खोबण्या. का, तर कारखान्यात मूर्तीचे डोळे शेवटी करतात, म्हणून. हे तत्त्वज्ञान मोटारीला लावणारा माणूस उभ्या रायगड जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही.

आणि टप. आमच्याकडे पाऊस कसा पडतो ते मी सांगायला नको. त्यात भाऊचा पण काय, तर यंदाचा गणपती या गाडीनेच आणायचा. दरवर्षी हेच म्हणायचा आणि दरवर्षी गणपती रिक्षातून यायचा. मी म्हटलं, निदान टप तरी बसवा, देव भिजेल. एरवी कधी आवाज न चढवणारा माणूस एकदम फिस्कारला. "टप बसवायचा नाय म्हणजे नाय. टप बसवायचा तर गाडी कशाला घेतली?" या वाक्याचा अर्थ लावण्याचा मी प्रयत्न केला आणि सोडून दिला.

मला सगळ्यात गंमत वाटे ती वेगळ्याच गोष्टीची. या गाडीवेड्याच्या बायकोला गाडी लागते, आणि तीही अशी लागते की विचारू नका. माझं मेडिकलचं दुकान आहे. उलटीच्या सगळ्या गोळ्या मी वहिनींना देऊन पाहिल्या, एकही लागू पडली नाही. एकदा पेणला त्यांच्या भाचीचं लग्न होतं. मी मोठेपणाने माझी नवी गाडी काढली, काचा बंद केल्या, एसी लावला. कुंडलिकेचा पूल संपायच्या आत सीटचं कव्हर गेलं. वहिनी लाजून रडायला लागल्या आणि आम्ही पुलावरूनच परत फिरलो. पूर्वी त्या भाऊच्या स्कूटरवर मागे बसून माहेरी जायच्या, तेव्हा काही होत नसे. मग गुडघे गेले. स्कूटर सुटली, रेल्वेच्या डब्यात चढणं सुटलं आणि पेणही सुटलं. अशा बाईच्या नवऱ्याने गाडीपायी अंगण अडवून ठेवावं याला मी तरी वेडच म्हणेन. तसं मी चारचौघांत म्हणतही असे.

यंदा उन्हाळ्यात बाळाचा निरोप आला. मुलगा डोलवीच्या प्लांटमध्ये लागलेला, तो शाडूत हात घालणार नाही. जागा सोडायची आहे. गणपती झाले की कारखाना बंद. त्या दिवशी संध्याकाळी भाऊ पेणला गेला नाही. गाडीशेजारी नुसताच उभा राहिला. मला म्हणाला, "यंदा नाय तर मग कधीच नाय."

त्यानंतर त्याने जे केलं ते आधी का केलं नाही, देव जाणे. रोह्यातला एक खरा मेकॅनिक बोलावला आणि स्वतः हात मागे बांधून बसला. जुन्या टेम्पोचं इंजिन बसलं. ब्रेकने ब्रेकचं काम सुरू केलं. आवाज पिठाच्या गिरणीसारखा येई, पण गाडी पुढे जाई. मला हे मनापासून आवडलं नाही. इतकी वर्षं हसायला हक्काची जागा होती, ती जायला लागली होती.

चतुर्थीच्या दोन दिवस आधी सकाळी भाऊ माझ्या दारात आला. अंगात इस्त्रीचा शर्ट. "तुमची गाडी पेणला आणाल का? गणपती आणायचाय."

मला इतका आनंद झाला की तो लपवणं जड गेलं. म्हटलं, "का? तुमची ती विलायती कुठे गेली?"

"ती पण येतेय. पण तिला दोनच सीटा हायत."

एवढं सांगून तो गेला. मी किल्ली घेऊन बाहेर आलो, तर अंगणात सलूनची खुर्ची दाराबाहेर तोंड करून वळवलेली होती. मंदावहिनी नवी साडी नेसून आल्या, पाठमोऱ्या उभ्या राहिल्या आणि गुडघे न वाकवता अलगद त्या उंच खुर्चीवर टेकल्या. भाऊने खुर्ची हळूच आत वळवली. पायाशी पदर अडकला होता, तो सोडवला. मग दार लावून खात्री केली आणि शेजारच्या खालच्या सीटवर जाऊन बसला. माझ्या नातवाला कशासाठी उतरवलं होतं ते मला तेव्हा कळलं.

मी मागे होतो, काचा बंद, एसी चालू. पुढे त्या दोघांची डोकी दिसत होती, तिचं वर, त्याचं खाली. पूल गेला, काही झालं नाही. खिंड चढताना मी उगाच वाट पाहत राहिलो. नागोठण्याच्या अलीकडे सर आली. वहिनींनी छत्री उघडली, ती वाऱ्याने उलटी झाली, तर त्या हसायला लागल्या. पन्नाशी कधीच उलटलेली बाई भर हायवेवर भिजत हसत होती, आणि ट्रकवाले वळून बघत होते.

पेणला बाळाने मूर्ती डोळ्यांशिवाय तयार ठेवली होती. वहिनी कारखान्याच्या ओट्यावर बसल्या. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि डोळे आखले. बाळा तोंड फिरवून साचे पुसत राहिला. मग भाऊने पिशवीतून दोन दिवे काढले आणि गाडीच्या खोबण्यांत बसवले, आणि वहिनींनी उरलेल्या काळ्या रंगाने दोन्ही दिव्यांवर एकेक भुवई ओढली. इतकं हास्यास्पद काही मी आयुष्यात पाहिलेलं नाही. पण मला हसू आलं नाही. मला त्या येड्याचा हेवा वाटला, आणि तो अजून वाटतो.

परत निघालो तेव्हा गणपती माझ्या गाडीत होता. पुढच्या सीटवर, तोंडावर रुमाल आणि पोटावर पट्टा. नागोठण्याला भाऊने गाडी कडेला घेतली म्हणून मीही घेतली. अंधारून आलं होतं. त्याचे दिवे लागले होते.

गावाच्या नावाची पाटी वहिनींच्या अगदी समोर होती. तरी त्यांनी विचारलं, "कुठवर पोचलो?"

"नागोठणं."

"मग थांबा जरा. चहा घेऊ."

भाऊ टपरीवर गेला. वहिनींनी मागे वळून मला हाक मारली, "भावजी, तुम्ही पण या. मला काय पण झालं नाय बघा. वारा लागला की मला काय होत नाय."

मी येतो म्हटलं. पण उतरण्याआधी मी एसी बंद केला आणि गणपतीच्या बाजूची काच खाली केली.