हात दाखवून बैल

जयरामने हात मिळवला आणि ऑफिसातला सहादू कळवळून टेबलावर वाकला.

"अरे सोड! सह्या करायचा हात हाय तो माझा!"

"सोडायचा नसतो. डोळ्यांत बघायचं आणि हसायचं," जयराम हसत म्हणाला आणि आणखी दाबला.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात स्टोअर्सचा कारकून असलेल्या जयरामला हे वेड लागलं ते कामगारांच्या हॉलमधल्या एका व्याख्यानापासून. एक्याऐंशी सालचा उन्हाळा होता आणि तसल्या उन्हात कोट घालून आलेल्या वक्त्याने यशस्वी माणसांचे धडे दीड तास सांगितले होते. बाकीच्यांनी चहा-बिस्किटं घेतली, जयरामने धडे घेतले. यशस्वी माणूस हात घट्ट मिळवतो, पहिल्यांदा जमलं नाही तर पुन्हा दाबतो. तो कमी बोलतो, दिलेला शब्द फिरवत नाही. आणि पैसा गुंतवायचा असेल तर आधी एखाद्या यशस्वी माणसाला जाऊन भेटावं!

तेव्हापासून जयराम भेटेल त्याचा हात दाबत सुटला. बसचा कंडक्टर त्याला सुटे पैसे हातावर ठेवायचं सोडून वरून टाकू लागला. दाबायला कुणी मिळेना तेव्हा जयरामने घरात कणीक मळून दिली. त्या दिवशी चपात्या मऊ लुसलुशीत झाल्या. त्या व्याख्यानाचा त्याच्या बायकोला, लताबाईला, झालेला फायदा तेवढाच.

कारण तोटा लगेच पुढे उभा होता. लताबाईची भिशी लागली होती, हजार रुपयांची. त्यातून शिलाई मशीन घ्यायचं आणि कॉलनीभरच्या बायकांची पोलकी शिवायची, हे तिने लग्न झाल्यापासून मनात धरलं होतं.

"पंधरा दिवस दे फक्त," जयराम म्हणाला. "दुप्पट करून आणतो."

"आणि निम्मे झाले तर?"

"यशस्वी माणूस तसा विचार करत नाही."

"मी कुठं यशस्वी आहे? मला करू द्या की!"

पण नवऱ्याचा उत्साह बघून बिचारी विरघळली आणि डब्यातले पैसे काढून दिले.

यशस्वी माणूस सहादूने सुचवला. "घोटीचे रंगनाथशेठ. एके काळी अनवाणी फिरायचे, आता भाताची गिरणी हाय, दोन ट्रक हायेत. बाजाराच्या दिवशी बैलबाजारात उभे असतात. जा, पण त्यांचा हात मोडू नको."

सफारी घालून, पैशांची पिशवी काखेत मारून जयराम एसटीने घोटीला गेला. बैलबाजारात रंगनाथशेठ एका ठिपक्यांच्या डांगी बैलाचा कासरा धरून उभे होते. यशस्वी माणूस कमी बोलतो, म्हणून जयराम काहीच बोलला नाही. सरळ पुढे झाला आणि हात पुढे केला.

शेठनी त्याच्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, हातात हात दिला आणि खांद्यावरचं उपरणं काढून दोघांच्या हातांवर टाकलं.

केवढा हा मान! जयरामला भरून आलं. त्याने अख्खा पंजा आवळला.

शेठनी नाही म्हणून मान हलवली. पकड ढिली पडली वाटतं, असं मनात म्हणत जयरामने डोळ्यांत बघितलं, हसला आणि पुन्हा सगळा जोर लावला.

शेठच्या भुवया टोपीला टेकल्या. त्यांनी उपरणं ओढलं, चिमूटभर गुलाल बैलाच्या कपाळाला फासला आणि कासरा जयरामच्या हातात दिला.

"वा, पाव्हणं! दिलदार गडी! हजाराला दिला बैल!"

बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. उपरण्याखाली हात घालून बोटं दाबायची. एक बोट म्हणजे शंभर, अख्खा पंजा म्हणजे पाचशे, दोनदा आवळला की हजार. घोटीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण कोटवाल्या वक्त्याने कधी बैल घेतलेला नसावा.

"शेठ, मी तर तुमच्याकडं शिकायला आलो होतो," जयराम कसाबसा म्हणाला.

"मग शिकलात की! बैल घ्यायचा तो आधी दात बघून. आता काढा पैसं."

"पण मला बैल नको आहे!"

आजूबाजूचा बाजार वळून बघू लागला. एक म्हातारा काठी टेकत पुढे आला. "हात दिला म्हंजी शब्द दिला, मास्तर. शब्द फिरवनार का?"

यशस्वी माणूस शब्द फिरवत नाही. जयरामने पिशवी उघडली. शेठनी मोठ्या मनाने नाशिकरोडला तांदूळ घेऊन निघालेल्या आपल्या ट्रकमध्ये बैल चढवून दिला, जयरामला त्याच्या शेजारी उभं केलं आणि भाडंही घेतलं नाही.

लताबाई दारातच होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, बैलाकडे पाहिलं. मग बैलाभोवती एक चक्कर मारली.

"छान आहे," ती म्हणाली. "पायडल कुठंय?"

जयरामने सगळं सांगितलं. ती रडेल असं त्याला वाटलं होतं. ती रडली नाही, म्हणून तो जास्तच घाबरला.

बैलाने मात्र घर आपलंच मानलं. शेजारच्या कुसाबाईंचा दोरीवरचा परकर त्याने नाडीसकट खाल्ला. वीज केंद्राचा भोंगा वाजला की हा तितक्याच जोरात हंबरायचा आणि कधीकधी भोंग्याच्या आधी, त्यामुळे अर्धी पाळी डबे घेऊन वेळेआधीच गेटवर जमायची. शेवटी साहेबांनी जयरामला बोलावलं. "आठवड्यात बैल हलवा, नाहीतर क्वार्टर सोडा." जयराम सवयीने हात मिळवायला गेला. साहेबांनी हात टेबलाखाली घेतले. कीर्ती तिथवर पोचली होती.

पुढच्या बाजाराला बैल घोटीला निघाला, तेव्हा सोबत लताबाईही होती. बाजारात शिरण्यापूर्वी तिने नवऱ्याच्या दोन्ही हातांत कडब्याने ठासलेल्या दोन थैल्या दिल्या.

"या खाली ठेवायच्या नाहीत. काही झालं तरी."

पेठकडचा गेणू नावाचा एक शेतकरी पुढे आला. बैलाचे दात बघितले, पाठ थोपटली आणि उपरणं पसरलं. "द्या हात, पाव्हणं."

"हात मिळायचा नाय," लताबाई म्हणाली. माहेरची बोली तिला बाजारात पाय ठेवताच आठवली होती. "तोंड हाय ना? मग तोंडानं बोला, चार लोकांत!"

गेणू लाजून लाल झाला. उघड्यावर भाव बोलणं म्हणजे त्याला उघड्यावर अंघोळ केल्यासारखं वाटत होतं. "आठशे," तो पुटपुटला.

"आठशेऽऽ!" लताबाईने साऱ्या बाजाराला ऐकवलं.

"साडेआठशे!" मागून कुणीतरी ओरडलं. गर्दी जमली. उपरण्याखालचे भाव बघायला मिळतायत म्हटल्यावर पलीकडचे भाजीवालेही येऊन उभे राहिले.

"नऊशे!"

"अहो, पण गेल्या बाजाराला असलाच बैल मला साडेअकराशेला दिला की शेठनी!" एक गिऱ्हाईक ओरडलं.

"आँ? मला तर साडेसातशेला दिला!" दुसरं ओरडलं.

मग जो गलका उठला, त्यात रंगनाथशेठ धोतर सावरत धावत आले.

"बाई, बाई! आसं उघडं बोलत्यात व्हय? बाजार बसंल माझा!"

"बसू द्या. मीबी येते की दर बाजाराला, भाव पुकारायला."

शेठना घाम फुटला. त्यांनी पैशांची पिशवी सोडली. "बाराशे! हे घ्या बाराशे, द्या तो बैल आन् घरी जावा!"

जयराम आनंदाने वेडा झाला. थैल्या टाकून तो शेठचा हात मिळवायला झेपावला, पण लताबाईने सफारीची कॉलर वेळेवर धरली.

दुसऱ्या दिवशी दोघं नाशिकला मेन रोडवर मशीनच्या दुकानात गेली. लताबाईने टाके तपासले, चाक फिरवून पाहिलं, पायडलवर पाय ठेवला आणि तिचे डोळे भरून आले. दुकानदाराने नऊशे पन्नास सांगितले. ते तिला मान्य होते. जयराम तिच्याकडे बघत राहिला. यशस्वी माणूस कसा दिसतो, ते त्याला पहिल्यांदाच नीट दिसलं.

"मग ठरलं साहेब!" म्हणत दुकानदाराने हात पुढे केला.

जयराम दचकून दोन पावलं मागे सरला आणि दोन्ही हात त्याने पॅंटच्या खिशात खोल कोंबले.

दुकानदाराचा चेहरा पडला. "बरं, नऊशे पंचवीस द्या."

जयराम 'अहो, तसं नाही' म्हणणार, एवढ्यात लताबाईची कोपरखळी बसली.

"हात खिशातच असू द्या," ती हळूच म्हणाली. "भाव अजून उतरतोय."