आईची अर्धवट शिक्षा

मराठीत मला हरवणारं माणूस रायपुरात अजून जन्मलेलं नाही, असं मी बाबांना ठणकावून सांगितलं आणि तिथेच माशी शिंकली!

त्याचं असं झालं. पुढे लॉ कॉलेजला जायचं म्हणून मी बी.ए.ला मुद्दाम कायद्याचा इतिहास घेतलाय. पण आमचे बाबा, गुलाबराव रेल्वेवाले, म्हणतात, "चेतना, पाहुणे आले का तू आत पळते. कोर्टात काय बोलशील? बँकेची परीक्षा दे!" शेवटी तह झाला. मराठी मंडळाच्या वक्तृत्व स्पर्धेत नीट बोलले, तर लॉ. फजिती झाली, तर बँक!

विषय निघाला, 'भोसलेकालीन शिक्षा'. मी हिरमुसलेच. कायद्याचा विषय असता तर मैदान मारलं असतं! माझी सगळी शाळा हिंदीत झालेली. शिक्षा म्हणजे शिकणं, हे पहिलीपासून पाठ. आणि चुकलं की जे मिळतं, त्याला आमच्या गुढियारी मोहल्ल्यात 'मार' म्हणतात!

अध्यक्ष होत्या निवृत्त न्यायाधीश इंदूताई. पहिल्या रांगेत आई-बाबा.

"शिक्षा हा प्रत्येक बालकाचा हक्क आहे!" मी गरजले. सभागृह चपापलं. मला वाटलं, भारावलं!

"भोसलेकाळात गोरगरीब शिक्षेसाठी तरसत होते!" मागे कोणीतरी खुदकन हसलं.

"आणि आजही बायकांवर अन्याय होतो! माझ्या आईचंच बघा. लग्न झालं आणि तिची शिक्षा नववीतच थांबली!"

"थांबली कुठं? लग्न झाल्यावर तं सुरू झाली!" एक काकू ओरडल्या.

सगळं सभागृह खो-खो हसायला लागलं. बाबांनी रुमालात तोंड लपवलं. इंदूताई डोळे पुसत म्हणाल्या, "बेटा, मराठीत शिक्षा म्हणजे सजा. तू म्हणतेस ते शिक्षण!"

कायद्याच्या इतिहासाच्या विद्यार्थिनीला कायद्याचाच विषय मिळाला होता आणि तिने तो शाळेत नेऊन बसवला होता! मी पळणारच होते, तेवढ्यात आई दिसली. एकटी तीच हसत नव्हती. मान खाली घालून बसली होती. माझं डोकंच फिरलं.

"हव, शब्द चुकला माझा!" मी माइक घट्ट धरला. "पण ताई, माझ्या मायले शिकायचं होतं अन् तिले शिकू दिलं नाही. काही गुन्हा नसताना! मग ते सजा नाही तं काय आहे?"

पहिली टाळी त्याच काकूंची आली, आणि मागोमाग सगळ्यांची.

बक्षीस अर्थातच मिळालं नाही. विषय सोडून बोलले ना! परत येताना स्कूटरवर आम्ही तिघं. मीच म्हटलं, "बाबा, फजिती झाली."

"झाली. पण पळाली नाही तू," बाबा म्हणाले. "भांडली! जाय, कर लॉ. तीन वर्षं शिक्षा!"

मी आनंदाने ओरडलेच! बाबाही रंगात आले. "अन् तुह्या मायची राहिलेली शिक्षा बी पुरी करू!"

मागून आईने शांतपणे विचारलं, "कोन्ती? नववीतली, का लग्नानंतरची?"

समोर रस्ता रिकामा होता. तरी बाबांनी जोरात हॉर्न वाजवला.