शेपटीकडून आलेला मासा

रविवारी माळा आवरायचा नाही, एवढाच माझा साधा बेत होता. त्याला कारण तर हवं! बायको शिडी शोधत होती, तेवढ्यात मी बोलून गेलो, "मी आज बाबांबरोबर तळ्यावर जातोय. मासे पकडायला."

बाबा म्हणजे माझे सासरे. बायको शिडी विसरून माझ्याकडे बघतच राहिली. (लग्नानंतर तिने इतक्या प्रेमाने पाहिल्याचं मला तरी आठवत नाही.)

"खरंच? अहो, किती बरं वाटेल त्यांना! फक्त मोठा मासा तेवढा पकडू नका."

"का?"

"तळ्यावरच्या मासेमारी क्लबात बाबांचा तो फोटो आहे ना, सगळ्यात मोठ्या कार्प माशाबरोबरचा? आईने काढलेला शेवटचा फोटो आहे तो. कुणी त्याहून मोठा मासा पकडला की बाबांचा फोटो उतरणार आणि त्या माणसाचा लागणार. आई गेल्यापासून बाबा दर रविवारी आधी तो फोटो पुसतात, मग गळ टाकतात."

मी हसलो. ज्याला सुईत दोरा ओवता येत नाही, तो कसला विक्रम मोडतोय!

तळ्यावर सासऱ्यांनी माझ्या गळाला पिठाची गोळी लावून दिली. "जावईबापू, ते लाल बूच नुसतं हललं तर हलू दे. मासा दोरीला घासून जात असतो. बूच पार बुडालं की मगच काठी ओढायची. आणि गळ तोंडातच लागला पाहिजे. भलतीकडे लागलेला मासा आपण मोजत नाही, सोडून देतो."

"हो, हो," मी म्हणालो. (ऑफिसातही मी सगळ्या सूचनांना असंच म्हणतो. तिथेही माझं काही फार बरं चाललेलं नाही.)

बूच जरासं थरथरलं. मी दचकलो आणि काठी ताडकन वर खेचली.

पुढच्या क्षणी काठी वाकली, रीळ किंचाळायला लागलं आणि मी चिखलातून पाण्याकडे घसरत निघालो.

"बाबा! हा मला ओढतोय!"

आजूबाजूचे क्लबाचे मेंबर आपापले गळ तसेच सोडून धावले. "अरे बापरे, काय जनावर आहे!" त्यांच्यातले एक जाड चष्मेवाले ओरडले, "फोटोतल्याचा बाप दिसतोय! चला, नवा फोटो!"

मी सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. मी गुपचूप दोरी सैल सोडली.

"सैल सोडू नका! ताण धरा!" सासरे गरजले.

"जाऊ द्या ना बाबा, बिचारा दमला असेल."

"खबरदार! एवढा मासा कुणी सोडतं?" असं म्हणून त्यांनी मागून माझी कंबर धरली. स्वतःचाच फोटो उतरवायला हा माणूस मला मदत करत होता! मी मनातल्या मनात देवाचा धावा केला, देवा, दोरी तुटू दे. पण ती सासऱ्यांनी निवडलेली होती. (जावई सोडला तर त्यांची एकही निवड चुकलेली नाही.)

शेवटी पाण्यातून काहीतरी वर आलं. शेपटी! सासऱ्यांनी जाळी खाली घातली आणि मासा बाहेर काढला. जेमतेम वीतभर.

"हा? एवढासा?" चष्मेवाले चष्मा पुसायला लागले.

"शेपटीला लागलाय गळ! तोंड मोकळं, मग उलटा ओढताना जड लागणारच." सासऱ्यांना हसू आवरेना.

"म्हणजे मोजायचा नाही ना? नक्की ना?" मी ओरडलो आणि मासा, जाळी यांच्यासकट सासऱ्यांना मिठी मारली. हायसं वाटणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. त्यांनी माशाच्या शेपटीला औषध लावलं आणि त्याला हळूच पाण्यात सोडलं.

घरी आल्या आल्या सासऱ्यांनी लेकीला सांगितलं, "तुझ्या नवऱ्याला क्लबाचा मेंबर करून आलोय. आता दर रविवारी माझ्या शेजारी हेच बसणार."

बायको हरखली. "अय्या! इतके छान मासे पकडतात हे?"

"छे गं! माझ्या फोटोला ज्यांच्याकडून जन्मात धोका नाही, असे अख्ख्या क्लबात हे एकटेच!"