हिरडी भरेपर्यंत

पाणीपुरवठा कचेरीतल्या तक्रार खिडकीवरच्या कारकुनाचा पुढचा नवा दात अखेर बसला, पण दाताशेजारी हिरडीत तिळाएवढा काळा त्रिकोण राहिला.

"इम्प्लांटची, म्हणजे हाडात बसवलेल्या स्क्रूची, मान मुद्दाम बारीक निवडलीय," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जाड मान असली की हाड झिजू शकतं, हिरडी वर सरकते. बारीक मानेभोवती तिला जागा मिळते. तीन महिन्यांत भरेल. सारखं बघत बसू नका."

तो सारखं बघत बसला. घरी चमच्यात, जिन्याखाली शेजाऱ्याच्या स्कूटरच्या आरशात, कचेरीत खिडकीच्या काचेत. काचेपलीकडे कुणी उभं राहिलं की उजेड अडायचा आणि प्रतिबिंब स्वच्छ दिसायचं. त्यामुळे तक्रारदार आला रे आला की हा ओठ वर ओढून दात दाखवायचा.

भांडायला आलेली माणसं गडबडली.

"नळ बंद असला तरी मीटर फिरतंय," एक आजोबा तावातावाने म्हणाले, काचेकडे पाहिलं आणि विरघळले. "असू द्या. तुम्ही तरी काय करणार."

महिन्याभरात तक्रारी निम्म्यावर आल्या. घोटाळा इथेच झाला. रेकॉर्ड रूमला बदली मिळावी म्हणून तो अकरा वर्षं अर्ज करत होता. तिथे खिडकी नाही, माणसं नाहीत. यंदा कागद साहेबांच्या टेबलापर्यंत पोचला होता.

"बदली विसरा," साहेब म्हणाले. "एवढा हसरा माणूस फायलींत कोंडू?"

"साहेब, मी हसत नाही. हिरडी बघतो."

"विनोदीही आहात."

घरी बायको म्हणाली, "मग नका ना बघू काचेत."

"राहवत नाही."

"मग बसा खिडकीवर."

तिसरा महिना संपता संपता त्रिकोण बुजला. दुसऱ्या दिवसापासून काचेशी त्याचं काही काम उरलं नाही. चार दिवसांनी तेच आजोबा आले.

"तक्रार लिहून घ्या."

"मीटरची?"

"तुमची. पूर्वी हसायचात."

त्याने ती स्वतःच्या सुवाच्य अक्षरात नोंदवली आणि पोच दिली. शुक्रवारपर्यंत अशा चौदा झाल्या.

"लोकांना नको झालात तुम्ही," साहेब वैतागून म्हणाले. "सोमवारपासून रेकॉर्ड रूम." सही केलेला कागद त्यांनी पुढे सरकवला.

अकरा वर्षं. कागद बघून तो हसला. खराखुरा, तोंडभर, नव्या हिरडीची गुलाबी कमान दिसेल असा.

साहेब बघत राहिले. मग त्यांनी कागद हळूच मागे ओढला.

"हसता येतंय की," ते म्हणाले.